असुरांचे मुखवटे आणि त्यांचे धनी

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तहसिलीतील करडी या गावी, किंवा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या दुसऱ्या कोणत्याही गावी, राक्षसांचे जुने मुखवटे विकत घेण्याच्या उद्देशाने एखादा हौशी संग्राहक येऊन उतरला, तर त्याला रिकाम्या हाताने परत जावे लागण्याचा संभव फार आहे. झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पूर्व विदर्भाच्या मुलखाला राक्षसांचे वावडे आहे असे मुळीच नाही. रावण, कंस, कीचक यांच्यावाचून येथील हिवाळ्याच्या रात्री पिढ्यान्‌पिढ्या सुन्या गेल्या असत्या. परंतु त्या राक्षसांना वर्षभर टिकेल असा चेहरा करून देण्याचे, आणि तो कोणाच्या तरी फडताळात जपून ठेवण्याचे, या मुलखाने सहसा मनावर घेतलेले नाही. येथला राक्षस येतो, गर्जना करतो, मारला जातो आणि पहाटे तोंड धुऊन शेतावर जातो.

या वृत्तीचे सर्वांत ठळक उदाहरण मारबतीचे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी लहान मुले लाकडी बैल ओढीत घरोघर बोजारा मागत हिंडतात त्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, रोगराई आणि इडापिडा बरोबर घेऊन जाण्याची आज्ञा देऊन मारबत नावाच्या राक्षसीच्या पुतळ्याला गावाच्या शिवेबाहेर घालविण्याची चाल विदर्भात सर्वत्र आहे, आणि नागपुरात तिला प्रचंड मिरवणुकीचे रूप आलेले आहे. तेथील काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे सांगतात. काळीचा संबंध नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बांकाबाईंनी इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीशी जोडला जातो, आणि तिच्याबरोबर निघणारे बडगे नावाचे पुतळे त्या त्या वर्षीच्या महागाईला, लाचखोरीला किंवा एखाद्या पुढाऱ्याला जे तोंड चिकटवितात, ते दुसऱ्या वर्षी कोणाच्या स्मरणातही राहत नाही. या पुतळ्यांची तोंडे रंगविणाऱ्या कारागिरांचे कसब पाहावे तर ते कोणत्याही पदार्थसंग्रहालयाने अभिमानाने मिरवावे असे असते. पण ज्या दिवशी ते पूर्णत्वास पोहोचते त्याच दिवशी ते अग्नीच्या स्वाधीन व्हावयाचे असते, आणि तसे झाले नाही तर गावाला चैन पडावयाचे नाही. जपून ठेवलेली मारबत म्हणजे घरात आणून ठेवलेली पीडा होय. या तर्कापुढे संग्राहकाचा कोणताही युक्तिवाद चालत नाही, आणि मला वाटते, चालूही नये.

जी गोष्ट मारबतीची तीच, थोड्या निराळ्या रीतीने, मंडईची. दिवाळी सरून भाऊबीज आली की या भागात गावोगाव मंडई भरू लागते, लेकी-जावयांनी आणि सोयऱ्याधायऱ्यांनी घरे गजबजून जातात, दिवसा दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे खेळ होतात, रात्री नाटक उभे राहते, आणि हा हंगाम शंकरपट नावाच्या बैलांच्या शर्यतींच्या गर्दीतून वाट काढीत होळीपर्यंत चालतो. मध्यप्रांताच्या अमदानीत गावचा मालगुजार हा या करमणुकीचा मोठा आधार असे. १९५०च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली, मालगुजारांचे तलाव सरकारजमा होऊन त्यांना ‘माजी मालगुजारी’ असे चमत्कारिक नाव प्राप्त झाले, आणि करमणुकीचा भार गावच्या मंडळांवर व तिकिटावर येऊन पडला. तरी ती बंद पडली नाही, उलट गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज ऊर्फ वडसा येथे नाटक मंडळ्यांची एक पेठच वसली, आणि त्या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या साऱ्या रंगभूमीवर दैत्य घडतो तो रंगाने. चेहऱ्यावर रंगाचा लेप, भुवयांवर काजळाच्या जाड रेघा, गालांवर वळविलेल्या मिशा, डोळ्यांच्या कडांना लाली, एवढ्या सामग्रीवर रात्र काढावयाची असते. ही कला अत्यंत जिवंत असून तिचा मागे उरणारा ऐवज मात्र एक मळका टॉवेल हाच होय.

मुखवट्याचा शोध करणाऱ्याने म्हणून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जावे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या आजच्या पालघर जिल्ह्यातील तालुक्यांत, आणि घाट चढून गेल्यावर नाशिक जिल्ह्याच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या बाजूस, होळीपासून पावसाळ्यापर्यंतच्या काळात बोहाडा नावाचा जो उत्सव होतो, तो मराठी प्रदेशातील मुखवट्यांचा खरा दरबार आहे. जव्हार हे मुकण्यांचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. संस्थान गेले, दरबार मोडला, पण हा दुसरा दरबार चालू राहिला. कोकणा, वारली, महादेव कोळी आणि त्यांच्या शेजारच्या इतर समाजांचे लोक यात भाग घेतात. मशालींच्या आणि टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर आणि पिपाणीच्या सुरावर, एकामागून एक सोंग वाटेने नाचत येते. आरंभी गणपती आणि सरस्वती यांचा मान, मग नरसिंह, खंडेराव, काळभैरव, रावण, त्राटिका, आग्यावेताळ अशी देवदैत्यांची सरमिसळ, आणि शेवटी जगदंबा व महिषासुर यांचे युद्ध. सोंगासोंगाचा ठेका निराळा, आणि पाय टाकण्याची ढब निराळी, त्यामुळे अंधारात मुखवटा नीटसा दिसण्यापूर्वीच कोण येत आहे हे जाणत्याला वाद्यावरून कळते.

या मुखवट्यांचा घाट वर्णन करून सांगण्यासारखा आहे. जुने पुष्कळ लाकडाचे, एका ठोकळ्यातून कोरून काढलेले आणि म्हणून वजनाला भारी. पुढे कागदाच्या लगद्याचे अधिक होऊ लागले. मातीच्या साच्यावर खळीत भिजविलेल्या कागदाचे थर चढवावयाचे, वाळल्यावर ते उतरवून घ्यावयाचे, पांढऱ्या रंगाचा हात देऊन भेगा बुजवावयाच्या आणि मग लाल, पिवळा, निळा, हिरवा असे भडक रंग भरावयाचे. कानांपाशी बांधण्याच्या दोऱ्या, मागे मुकुटाचा किंवा मोरपिसांचा पसारा. जव्हार तालुक्यातील रामखिंड हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. रात्रभर तो भार डोक्यावर घेऊन, दोन लहानशा भोकांतून जेवढी वाट दिसेल तेवढ्या वाटेवर नाचणाऱ्या माणसाच्या मानेची आणि श्वासाची काय अवस्था होत असेल याची कल्पना, ते मुखवटे भिंतीवर टांगलेले पाहणाऱ्याला कधीही येणार नाही.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. बोहाड्यात कोणते सोंग कोणत्या घराने नाचवावयाचे याची वहिवाट ठरलेली असते. बापानंतर तो मान मुलाकडे जातो, आणि रावणाचा किंवा महिषासुराचा मान असलेले घर त्याबद्दल कमीपणा न मानता, देवाच्या सोंगाइतकीच निष्ठा त्या सोंगावर ठेवते. मुखवटा बांधण्यापूर्वी त्याची पूजा होते. म्हणजे पूर्वीच्या दप्तरी भाषेत बोलावयाचे तर, हा मुखवटा त्या घराचे वतन आहे. त्याचा उपभोग घेता येतो, त्याची सेवा करावी लागते, पण त्याची विक्री करण्याचा अधिकार त्या घराकडे आहे असे गाव मानीत नाही. आणि सेवेचा पहिला नियम असा की हंगामापूर्वी मुखवटा पुन्हा रंगवावयाचा. उडालेला रंग, फुटलेला कान, उंदराने कुरतडलेली कड घेऊन देवापुढे किंवा असुर म्हणून जगदंबेपुढे उभे राहणे हा अवमान समजला जातो. त्यामुळे एखादा मुखवटा तीन पिढ्यांचा असला, तरी त्याच्या अंगावरील सर्वांत वरचा रंग गेल्या चैत्रातला असतो. जुनेपण आत, थराखाली असते, आणि ते तेथेच असावे अशी सर्वांची इच्छा असते.

कोकणात उतरले की असुराचे स्वरूप बदलते. दशावताराच्या आरंभीच्या आडदशावतारात वेद पळविणारा संकासुर येतो तो भीती घालण्यापेक्षा हसविण्यासाठीच अधिक. रत्नागिरीच्या शिमग्यात तोच काळ्या पोशाखात, कमरेला घुंगुर बांधून, उंच टोपी आणि पांढरी दाढी लावून पोरांच्या मागे धावतो. गोव्यात नरकचतुर्दशीपूर्वी म्हापसे, पणजी, मडगाव येथल्या बाजारांत नरकासुराची कागदी तोंडे विकावयास मांडलेली असतात, तरुणांची मंडळे ती घेऊन गवत, कागद आणि चिंध्यांचे अजस्र देह उभारतात, आणि सूर्योदयापूर्वी ते सारे जाळून टाकतात. बाजारात तोंड विकत मिळते ते जाळण्यासाठी! मारबतीचा न्याय समुद्रापर्यंत पोहोचलेला पाहून करडीच्या माणसाला येथे घरच्यासारखे वाटावयास हरकत नाही.

शहराच्या रंगभूमीवर या असुरांचे पुढे काय झाले, ही हकीकत थोडी खेदाची आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सीतास्वयंवराचा प्रयोग केला, तेव्हापासून पुढील तीसपस्तीस वर्षे मराठी नाटक मंडळींत राक्षसपार्टी नावाचा एक स्वतंत्र आणि मातबर विभाग असे. पडद्यामागून आरोळ्या ठोकीत, राळेचे भपके उडवीत, हातात तलवार नाचवीत हे दांडगे पुरुष रंगभूमीवर उतरत, आणि त्यांच्या त्या आरोळ्यांवरूनच पुढे सुशिक्षितांनी या नाटकांना ‘अललडुर्र’ असे कुत्सित नाव दिले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल पुण्यात रंगभूमीवर आले, प्रेक्षकांची अभिरुची सुधारली, आणि सुधारलेल्या अभिरुचीला राक्षस नकोसे झाले. संगीत नाटकाने मराठी माणसाला जे दिले त्याचे ऋण मोठे आहे. तथापि त्या बदल्यात त्याने जे काढून टाकले त्याचा जमाखर्च कोणी मांडलेला दिसत नाही. शाकुंतलाच्या तिकिटासाठी रांग लावणाऱ्या पुणेकरांनी राक्षसपार्टी पाहिली होती, त्यांच्या नातवांना ती ऐकूनही माहीत राहिली नाही.

हद्दपार झालेल्या त्या राक्षसांना पुन्हा आसरा दिला तो त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी. १९१७ च्या लंकादहनात लंका जळाली, १९१८ च्या श्रीकृष्णजन्मात भयभीत कंसाला स्वतःचे शिर धडावेगळे होताना दिसले, १९१९ च्या कालियामर्दनात फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने कृष्ण होऊन कालियाशी झुंज दिली. छायाचित्राची युक्ती आणि रंगवस्त्रांचा पसारा यांचा जो मेळ फाळक्यांनी घातला, त्यात चेहऱ्यापेक्षा युक्तीचे महत्त्व अधिक होते; आणि त्या काळच्या फिती ज्या नायट्रेटच्या असत त्या इतक्या ज्वालाग्राही व नाशिवंत की मूकपटांपैकी मोजकेच आज शिल्लक आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी उकिरड्यातून वेचावे तसे फितींचे तुकडे वेचले. तोपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे उलटून गेली होती, आणि फितींचीच जेथे ही दशा, तेथे मुकुट, दाढ्या आणि सुळे कोण सांभाळतो?

येथे सातासमुद्रापलीकडची एक हकीकत सांगणे अवश्य आहे, कारण राक्षसाचा मुखवटा हा संग्रहाचा विषय होऊ शकतो ही कल्पना आजच्या स्वरूपात तिकडेच वाढली. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने १९३१ मध्ये ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइन हे दोन भीतिपट काढले. फ्रँकेन्स्टाइनच्या कृत्रिम मानवाचा जो चौकोनी कपाळाचा चेहरा जगभर ओळखला जातो, तो मुखवटा नव्हताच. जॅक पिअर्स हा रंगभूषाकार बोरिस कार्लॉफ या नटाला रोज सुमारे चार तास खुर्चीत बसवून कापूस आणि चिकट द्रव यांचे थर त्याच्या कपाळावर चढवी, आणि संध्याकाळी ते सारे खरवडून काढून टाकले जाई. म्हणजे तिकडचे हे महान दैत्यही, आपल्या झाडीपट्टीतल्या दैत्यांप्रमाणे, दिवस मावळला की तोंड धुणारेच होते. त्यांना रबरी तोंड मिळाले ते नंतर. डॉन पोस्ट या गृहस्थाने १९३८ मध्ये रबराचे मुखवटे करण्याचा कारखाना काढला आणि पुढे युनिव्हर्सलच्या दैत्यांचे मुखवटे करण्याची परवानगी मिळविली. १९५७ मध्ये हे जुने भीतिपट दूरचित्रवाणीवर दाखविण्यास आरंभ झाला, १९५८ मध्ये फॉरेस्ट अ‍ॅकरमन याच्या संपादकत्वाखाली ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे नियतकालिक निघाले, आणि बापांनी तरुणपणी पाहिलेल्या राक्षसांच्या मागे मुले नव्याने लागली. डॉन पोस्टच्या कारखान्याने १९६६ च्या सुमारास काढलेले, हाताने रंगविलेले आणि केस लावलेले बारा मुखवटे आज संग्राहकांच्या जगात जवळजवळ दैवतपदास पोहोचले आहेत. त्याच कारखान्याचा एक स्वस्त मुखवटा, मूळचा एका अंतराळ-मालिकेतील कप्तानाचा, दोन डॉलरांच्या आतबाहेर किंमत देऊन आणला गेला, त्याला पांढरा रंग फासला गेला आणि तो १९७८ च्या ‘हॅलोवीन’ चित्रपटातील खुन्याचा चेहरा झाला. ही गोष्ट संग्राहक मंडळी पुराणकथेसारखी एकमेकांना सांगतात.

या छंदाचे मर्म एका अडचणीत आहे. हे मुखवटे ज्या द्रव्याचे, ते रबराच्या झाडाचा चीक. तो साच्यात ओतून, पापुद्रा धरला की उरलेला काढून घ्यावयाचा, आणि वाळल्यावर मुखवटा सोलून काढावयाचा. परंतु हवा, ऊन आणि उष्णता यांनी रबर प्रथम चिवटपणा सोडते, मग कडक होते, मग तडकते. १९३३ च्या किंग काँग चित्रपटात वापरलेल्या एका बाहुल्याचे रबर आणि केस कालांतराने गळून गेले आणि आतला लोखंडी सांगाडा तेवढा बॉब बर्न्स नावाच्या संग्राहकाच्या हाती लागला. म्हणून तिकडचा संग्राहक मुखवट्याला उन्हापासून दूर, थंड कोठडीत, आत भरीव डोके घालून ठेवतो, आणि मूळ रंगाला कोणी नंतर हात लावलेला असेल तर त्याची किंमत उतरते. आपल्या बोहाड्यातील घराचा धर्म बरोबर याच्या उलट आहे हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच. एका ठिकाणी वरचा रंग नवा नसेल तर पाप, दुसऱ्या ठिकाणी वरचा रंग नवा असेल तर नुकसान. अ‍ॅकरमनने आयुष्यभर जमविलेल्या सुमारे तीन लाख वस्तूंच्या पसाऱ्यातील पुष्कळसा त्याच्या हयातीतच विकला गेला, उरलेला तो वारल्यानंतर २००९ मध्ये लिलावात निघाला, आणि सारा दहा दिशांना पांगला. बोहाड्याच्या मुखवट्यावर हा प्रसंग येत नाही, कारण मान ज्याच्याकडे जावयाचा तो वारस आधीच ठरलेला असतो. या दोहोंत कोणाचे जतन खरे, असा प्रश्न विचारून मी तिकडच्या छंदिष्टांची थट्टा करणार नाही. ज्या वस्तूला गाव नाही, देव नाही आणि वारस नाही, तिला एकट्या माणसाच्या वेडाखेरीज दुसरा आधार कोणता असणार?

आणि मराठी चित्रपटाने आपला असा एक पिशाच्चमूर्ती राक्षस निर्माण केलाच नाही असेही नाही. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’ या चित्रपटातील तात्या विंचू हा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडविला, त्यांनीच तो हालता केला, आणि २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ साठी तोच पुन्हा पडद्यावर उतरला. शब्दभ्रमाची विद्या पाध्यांना वडील यशवंत केशव पाध्ये यांच्याकडून मिळाली, आणि वडिलांचा अर्धवटराव हा बोलका बाहुलाही त्याच घरी नांदतो. हॉलिवूडमध्ये १९५४ च्या ‘काळ्या सरोवरातील प्राण्या’चे रूप मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने रेखाटले असता त्याचे श्रेय वरिष्ठाने स्वतःकडे घेतले आणि तिला काम सोडावे लागले, आपल्याकडे राक्षस त्याच्या कर्त्याच्याच घरी राहिला. हा व्यवहार चित्रपटसृष्टीपेक्षा मोखाड्याच्या वहिवाटीला अधिक जवळचा आहे.

संग्रहाची बुद्धी आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. नागपूरचे अजब बंगला हे पदार्थसंग्रहालय १८६३ पासून उभे आहे. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी जुन्या वाड्यांतून दिवे, अडकित्ते आणि कुलपे आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने गोळा केली. परंतु दिवा आणि अडकित्ता या घरगुती वस्तूंना मालक असतो, तो त्या देऊ शकतो. मुखवट्याच्या बाबतीत संग्राहकाला बहुधा मागणीच करता येत नाही, म्हणून त्याने दुसरा मार्ग काढला, आणि कारागिराला नवा मुखवटा करावयास सांगितले. हस्तव्यवसायाच्या प्रदर्शनांत आता जव्हारकडचे मुखवटे भिंतीवर लावण्यासाठी विकले जातात. त्यांचे रंग सुरेख असतात. वजन हलके, आकार दिवाणखान्याला साजेल इतका, आणि डोळ्यांच्या जागी भोके पाडण्याचे कारणच उरलेले नसल्यामुळे तेथे बुबुळे रंगवून मोकळे झाले तरी भागते. त्यावर कारागिराचे घर चालते, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. फक्त हा मुखवटा आणि तो मुखवटा एकाच नोंदवहीत, एकाच सदराखाली लिहिला जाऊ नये एवढे संग्रहालयांच्या व्यवस्थापकांना सुचवावेसे वाटते.

राहता राहिली करडी. तेथे उतरलेल्या संग्राहकाने मुखवट्यांचा नाद सोडावा आणि मंडईच्या आधी भिंतींवर चिकटविली जाणारी नाटकांची रंगीत पत्रके, ज्यांवर नायकाच्या जोडीला खलनायकाचे डोळे वटारलेले चित्र हमखास असते, ती पाऊस लागण्यापूर्वी काढून घ्यावी. खडी गंमतीच्या शाहिरांच्या हस्तलिखित वह्या कोठे आहेत त्याची यादी करावी. आणि ज्या म्हाताऱ्या नटाने चाळीस वर्षे कंस किंवा कीचक रंगविला असेल त्याला एकदा दिवसाउजेडी आरशासमोर बसवून, कोणता रंग आधी, कोणती रेघ नंतर, हे त्याच्याच हाताने करवून घेत टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घ्यावी. म्हातारा बहुधा प्रथम नकार देईल, कारण नाटकाशिवाय तोंड रंगविणे त्याला अशुभ नसले तरी हास्यास्पद वाटेल. त्याला मंडईच्या दिवशीच, पडद्यामागे, गाठावे.